गळ्यातला पट्टा आणि चार हजार वर्षे

नाईल नदीच्या पश्चिम काठावर, राजांचे खोरे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोंगरघळीत, १८९९ साली व्हिक्टर लोरे या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाला एक लहानशी कबर सापडली. ती राजाची नव्हती. मैहेरप्री नावाच्या एका दरबाऱ्याची होती. राजाच्या उजव्या हाताला पंखा धरून उभे राहण्याचा मान त्याला होता आणि शिकारीचा त्याला भारी षौक असावा. बाणांचे भाते, बाण, मनगटावर बांधायच्या कातडी पट्ट्या असा शिकाऱ्याचा सगळा सरंजाम त्याच्यासोबत पुरलेला होता. त्यातच कुत्र्याच्या गळ्यातले दोन पट्टे होते.

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे हे पट्टे आज कैरोच्या संग्रहालयात आहेत. एकावर घोडे आणि कमळाची फुले आहेत, मधूनमधून धातूच्या टिकल्या ठोकलेल्या आहेत आणि कातड्याला दिलेला गुलाबी रंग अजून ओळखू येतो. दुसऱ्यावर शिकारीची दृश्ये कोरली आहेत आणि एक नाव लिहिले आहे: तंतनुइत. हे नाव मैहेरप्रीचे नाही, त्याच्या कुत्रीचे आहे. पुढच्या काळात जगभर पट्ट्यांवर जी नावे कोरली गेली ती बहुतेक मालकांचीच होती. म्हणून इजिप्तच्या त्या कारागिराने कुत्रीचे नाव लिहिले, ही गोष्ट नजरेत भरते.

कुत्र्याच्या पट्ट्याचा इतिहास चाळताना प्रत्येक वळणावर एकच प्रश्न समोर येतो. हा पट्टा बनवणाऱ्याने आधी कशाचा विचार केला होता? कुत्र्याच्या मानेचा, मालकाच्या हाताचा, की मालकाच्या मिरवण्याचा? आजही दुकानात टांगलेल्या शेदोनशे पट्ट्यांपुढे उभे राहून माणूस पट्टा निवडतो, तेव्हा या तिघांपैकी कुणाला तरी तो झुकते माप देत असतो.

भारतीय उपखंडात या वस्तूचा पुरावा इजिप्तच्या त्या पट्ट्यांहूनही जुना आहे. हडप्पा येथे सापडलेल्या सिंधू संस्कृतीतल्या भाजक्या मातीच्या कुत्र्यांपैकी काहींच्या गळ्यात मातीचीच वळी चिकटवून पट्टा दाखवला आहे. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी त्या नगरांत पाळीव कुत्रे होते आणि ते पट्ट्यावरून ओळखू येत होते. महाराष्ट्रातही कुत्र्याची सोबत तितकीच जुनी आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली तांब्याच्या मिश्रधातूच्या चार मूर्ती मिळाल्या. त्यांतल्या बैलांच्या रथावर सारथ्याच्या पुढे, रथाच्या दांडीवर, एक छोटा कुत्रा उभा आहे. बैल जुंपलेले आहेत. कुत्रा मात्र मोकळा, रथासोबत निघालेला आहे.

पट्टा कसा असावा हे लिहून ठेवणाऱ्या पहिल्या काही माणसांत ग्रीसच्या झेनोफोनचे नाव येते. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला हा सेनानी आणि लेखक. शिकारीवरच्या आपल्या पुस्तकात कुत्र्याच्या साजासाठी त्याने स्वतंत्र जागा ठेवली आहे. पट्टा मऊ आणि रुंद असावा, म्हणजे मानेवरचे केस घासले जाणार नाहीत, असे तो सांगतो. दोरीला हात अडकवण्यापुरता फास असावा. पट्टा आणि दोरी एकाच तुकड्याची करू नये, कारण तसे करणाऱ्याला कुत्रे नीट सांभाळता येत नाहीत. कुशीवरून जाणारे पट्टेही रुंद हवेत, नाहीतर कातडी सोलवटते. आज कुठल्याही पशुवैद्याला विचारले तर तोही रुंदी आणि मऊपणा या दोन गोष्टींवरच आधी बोट ठेवील.

रोमचा विद्वान वॅरो हा शेतकऱ्याच्या बाजूने लिहिणारा. इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीच्या घरात, त्याने शेतीवर ग्रंथ लिहिला. मेंढरांच्या राखणीला ठेवलेल्या कुत्र्याच्या गळ्यात काय बांधावे, याची कृतीच त्यात दिली आहे. जाड कातड्याचा पट्टा घ्यायचा आणि त्यातून डोक्याचे खिळे बाहेर काढायचे. आतल्या बाजूला खिळ्यांच्या डोक्यांवर मऊ कातडे शिवायचे, म्हणजे लोखंड कुत्र्याच्या मानेला बोचणार नाही. या पट्ट्याला तो मेलियुम म्हणतो. पुढचे त्याचे निरीक्षण एखाद्या मुरलेल्या मेंढपाळाला शोभावे असे आहे. अशा एका कुत्र्याच्या पट्ट्यावर लांडगा एकदा जखमी झाला, की पट्टा नसलेल्या कुत्र्यांच्याही वाटेला तो जात नाही.

एकच पट्टा, पण त्याला दोन बाजू. बाहेरची शत्रूसाठी, आतली मित्रासाठी. वॅरोच्या वर्णनातले हे मऊ अस्तर म्हणजे पट्ट्याच्या इतिहासातली सर्वांत मोलाची शिवण आहे.

ही काटेरी जात पुढे जिथे जिथे लांडगा आणि मेंढी एकत्र नांदली तिथे तिथे टिकली. इटलीतल्या अब्रुझ्झोच्या डोंगरांत पांढऱ्या राखणदार कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी सुळ्यांच्या साखळ्या असत. स्पेनमध्ये मेरिनो मेंढ्यांचे लाखोंचे कळप दरसाल उत्तरेतून दक्षिणेत जात. १२७३ साली दहाव्या अल्फोन्सो राजाने या मेंढपाळांच्या संघाला सनद दिली होती. त्या कळपांबरोबर चालणाऱ्या मास्टिफ कुत्र्यांच्या काटेरी पट्ट्याला कार्लांका म्हणतात. तुर्कस्तानात कांगाल कुत्र्यांच्या गळ्यात असे पट्टे आजही दिसतात. तिबेटमध्ये मात्र मोठ्या राखणदार कुत्र्यांना याकच्या केसांचे, लाल रंगवलेले, आयाळीसारखे फुललेले कडे घालतात. त्याने कुत्रा आहे त्याहून दांडगा दिसतो.

हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यांना लांडग्याइतकेच भय बिबट्याचे असते. बिबट्या नरडे धरतो आणि श्वास कोंडून मारतो. तो कुत्र्याच्या मानेवर झेपावतो, म्हणून गावचा लोहार मानेसाठीच चिलखत घडवतो. त्याचे सुळे बाहेर वळलेले असतात आणि दोन टोके कडीने अडकवलेली असतात. त्याला दुकानी पट्ट्याचे देखणेपण नसते. पण रात्री कळपाभोवती फिरणाऱ्या कुत्र्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.

महाराष्ट्रात हा धोका आता डोंगरातून उसात उतरला आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागात बिबट्या उसाच्या फडात राहतो, तिथेच वितो आणि रात्री वस्तीवर येतो. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती. त्यानंतर तिथल्या बायाबापड्या स्वतःच्याच गळ्यात खिळ्यांचे पट्टे अडकवून शेतात जाऊ लागल्या. वॅरोने कुत्र्यासाठी सांगितलेला उपाय दोन हजार वर्षांनी पुणे जिल्ह्यात माणसाच्या गळ्यात आला. मेंढपाळाचा कुत्रा रोज रात्री काय अंगावर घेतो, हे त्या गावाइतके कुणालाच कळले नसेल.

राखणदार कुत्र्याच्या नशिबी पट्ट्याबरोबर साखळीही आली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई राखेखाली गाडले गेले. तिथल्या एका घराच्या उंबऱ्यावर साखळीतला काळा कुत्रा आणि कुत्र्यापासून सावध राहण्याची सूचना खड्यांच्या चित्रात जडवलेली आहे. दुसऱ्या एका घरात १८७४ साली राखेतली पोकळी सापडली. उत्खनन करणाऱ्यांनी तीत प्लास्टर ओतले, तेव्हा पाठीवर पडून अंग पिळवटलेल्या कुत्र्याचा साचा हाती आला. त्याच्या गळ्यात धातूच्या कड्यांचा पट्टा होता आणि तो साखळीला बांधलेला होता. घरातली माणसे पळाली. राख चढत गेली तसा तो साखळी पुरेल तिथवर वर चढला असावा. पट्टा चांगला की वाईट हे पुष्कळदा त्याला पुढे काय जोडले आहे यावर ठरते, याचा इतका जुना आणि इतका दुःखद दाखला दुसरा नाही.

राजेरजवाड्यांच्या हाती पट्टा गेला आणि त्याचे रूप पालटले. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या लाडक्या ग्रेहाउंडच्या गळ्यात मोती आणि माणके होती. अकबराबद्दल ऐन-ए-अकबरी सांगते, की बादशहाला कुत्रे आवडत, ते देशोदेशींहून मागवले जात, काबूलकडचे उत्तम समजले जात. लोक कुत्र्यांना दागिने घालत आणि नावेही ठेवत. जहांगिराने तर इंग्लंडचा वकील टॉमस रो याच्याकडे मास्टिफ कुत्र्यांची मागणी केली होती. त्यांतले दोन जिवंत पोचले. एकेका कुत्र्याच्या दिमतीला चार नोकर होते. त्यांतले दोघे पालखी वाहत, दोघे माश्या वारत. बादशहाला मनात आले की स्वतःच्या हाताने भरवता यावे म्हणून खास चांदीचा चिमटा घडवला होता. रोच्या सोबतचा पाद्री एडवर्ड टेरी याने हे सारे लिहून ठेवले आहे.

साताऱ्याची गोष्ट याहून वेगळी, कारण तिच्या मुळाशी कृतज्ञता आहे. छत्रपती शाहू महाराज शिकारीला गेले असताना एका कुत्र्याने वाघापासून त्यांचा जीव वाचवला, अशी कथा आहे. मराठी परंपरेत त्या कुत्र्याचे नाव खंड्या. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती नमूद केली आहे. महाराजांनी त्या कुत्र्याला रीतसर सनद देऊन जहागीर दिली आणि पालखीचा मानही दिला. एकदा बडे सरदार भर दरबारात भेटीला यायचे होते, तेव्हा त्यांनी कुत्र्याला जरीची वस्त्रे चढवली, दागिने घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला खंड्याची समाधी आहे. राजघराण्याच्या समाध्यांच्या शेजारी दगडात घडवलेला हा कुत्रा बसलेला आहे.

सामान्य माणसाचा पट्टा मात्र दागिन्यापेक्षा कायद्याच्या वाटेने बदलत गेला. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकात पितळेचे पट्टे निघाले. त्यावर मालकाचे नाव-गाव कोरलेले असे आणि पुष्कळांना बारीक कुलूपही असे. किल्ली ज्याच्या खिशात, कुत्रा त्याचा. कवी अलेक्झांडर पोप याने इंग्लंडच्या युवराजाला एक कुत्रा भेट दिला, तेव्हा त्याच्या पट्ट्यावर दोन ओळी कोरून घेतल्या. वाचायला वाकलेल्यालाच त्या विचारतात, की तू कुणाचा कुत्रा? केंट परगण्यातल्या लीड्स कॅसलमध्ये अशा १३० हून अधिक पट्ट्यांचे संग्रहालय आहे. आयर्लंडचे मध्ययुगीन कलेचे अभ्यासक जॉन हंट यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी तो संग्रह दिला. त्यातला सर्वांत जुना पट्टा पंधराव्या शतकाच्या अखेरचा, स्पेनमधल्या राखणदार मास्टिफचा, लोखंडी आणि काटेरी आहे. त्याच दालनात पुढे चांदीचे, पितळेचे, मखमली अस्तराचे पट्टे मांडले आहेत. काटे बोथट होत गेले आणि अक्षरे वाढत गेली.

ब्रिटनमध्ये १७९६ साली कुत्र्यांवर कर बसला. कुत्रा कुणाचा हे आता सरकारलाही जाणून घ्यायचे होते. पुढे मालकाचे नाव आणि पत्ता पट्ट्यावर असणे कायद्यानेच बंधनकारक झाले आणि ते आजही आहे. २०१६ पासून इंग्लंडमध्ये कातडीखाली बसवायची पंधरा आकडी क्रमांकाची चिपही सक्तीची झाली. पण रस्त्यात चुकलेला कुत्रा सापडला तर चिप वाचायचे यंत्र कुणाच्या खिशात नसते. पट्ट्यावरचा फोन नंबर मात्र कुणीही वाचू शकतो.

मालकाचे नाव नसूनही पट्ट्यामुळे जगप्रसिद्ध झालेला एक कुत्रा अमेरिकेत होऊन गेला. ओनी त्याचे नाव. १८८८ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या टपाल कचेरीत तो आला आणि टपालाच्या थैल्यांवर झोपू लागला. थैल्या निघाल्या की तोही रेल्वेच्या टपाल डब्यात चढे. ऑल्बनीच्या कारकुनांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधला आणि तो जाईल तिथल्या टपालवाल्यांनी आपल्या गावाचा बिल्ला त्याला अडकवावा अशी विनंती केली. बिल्ले इतके साचले, की त्याला मान उचलणे जड जाऊ लागले. तेव्हा अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल जॉन वानामेकर यांनी त्याला अंगभर जाकीट करून दिले, म्हणजे सगळा भार मानेवर न येता छाती-पाठीवर पसरेल. १८९५ मध्ये ओनी टपालासोबत जगप्रदक्षिणा करून आला. १८९७ मध्ये तो गेला. भुसा भरलेले त्याचे शरीर, बिल्ल्यांच्या जाकिटासह, वॉशिंग्टनच्या टपाल संग्रहालयात आहे. गळ्यात वजन फार झाले तर ते छातीवर न्यावे, हा हार्नेसमागचा, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायच्या साजामागचा, साधा विचार त्या जाकिटात दिसतो.

याच्या अगदी उलट बाजू मुंबईने पाहिली. कंपनी सरकारच्या काळात शहरातले मोकाट कुत्रे मारण्याचे हुकूम निघत आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. १८३२ साली ही मोहीम नेहमीच्या मुदतीपलीकडे लांबवली गेली. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. मृताचे अंत्यविधी होताना कुत्र्याची नजर त्याच्यावर पडावी असा त्यांचा संस्कार आहे. त्यांच्या सणाच्याच दिवशी, ६ जूनला, कुत्रे मारले जाऊ लागले तेव्हा किल्ल्यातले पारशी शिपायांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यात उतरले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडली आणि अखेर लष्कर बोलवावे लागले. नंतर सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी मध्यस्थी केली आणि कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावेत असे ठरले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि अमीचंद शाह यांनी मुंबईची पांजरापोळ स्थापन केली.

त्या दंग्याच्या मुळाशी कुत्र्याबद्दलच्या दोन समजुतींची टक्कर होती. हुकूम काढणाऱ्यांच्या लेखी कुत्रा एकतर कुणाचा तरी असतो, नाहीतर मोकाट असतो. मुंबईच्या गल्लीतला कुत्रा या दोन्हींत बसत नव्हता. त्याला एक मालक नव्हता, पण चार घरची भाकरी होती. त्याच्या गळ्यात काही नव्हते, तरी गल्ली त्याला ओळखत होती. आजही भारतातले बहुसंख्य कुत्रे असेच जगतात आणि पट्ट्याविषयीचा भारतीय विचार त्यांना वगळून पुरा होत नाही. महापालिका पाळीव कुत्र्याला परवाना देते. नसबंदी आणि लसीकरण झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याला मात्र कानाच्या टोकाला छेद देऊन ओळख दिली जाते, कारण पट्टा तुटतो, हरवतो, किंवा पिल्लू वाढत असेल तर गळ्यात रुततो.

एकोणिसाव्या शतकात पट्टा कारखान्यात बनू लागला. इंग्लंडमधले वॉल्सॉल हे गाव खोगीर आणि लगामाच्या कामासाठी प्रसिद्ध होते. घोड्याच्या साजातून उरलेले कातडे, तेच बकल आणि तीच शिवण कुत्र्याच्या पट्ट्याला लागली. भारतात हेच कानपूरला घडले. १८५७ नंतर फौजेला खोगिरे पुरवण्यासाठी १८६० च्या दशकात तिथे सरकारी कारखाना उभा राहिला, भोवती चामड्याच्या पेढ्या वाढल्या आणि आज कानपुरी खोगिराला भौगोलिक मानांकन आहे. जगभरच्या दुकानांत विकले जाणारे कातडी पट्टे आणि साखळीच्या मुठी मोठ्या संख्येने तिथूनच जातात. महाराष्ट्रातल्या आठवडी बाजारात मात्र कुत्र्याचा पट्टा बैलाच्या साजाशेजारी बसला. पोळ्याच्या आधी जिथे वेसण, म्होरकी, कासरा, गोंडे आणि घुंगरमाळा टांगलेल्या असतात, तिथेच कवड्या ओवलेला किंवा पितळी घुंगरू लावलेला एखादा अरुंद पट्टा कुत्र्यासाठी मिळतो. रात्री रानात कुत्रा कुठे आहे हे घुंगरावरून मालकाला कळते.

काही साज मात्र गरजेतून न येता चित्रातून आले. आल्प्समधल्या सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या गळ्यात दारूचे पिंप असते, हे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. ते एडविन लँडसियर या विशीही न गाठलेल्या चित्रकाराने १८२० मध्ये रंगवले. बर्फात वाट चुकलेल्यांना शोधणाऱ्या मठातल्या कुत्र्यांनी असे पिंप वाहिल्याचा पुरावा नाही. तरी त्यांच्यातला सर्वांत प्रसिद्ध बॅरी, १८१४ मध्ये मेलेला, बर्नच्या संग्रहालयात पुढे गळ्यात पिंप अडकवूनच उभा केला गेला.

आंधळ्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांचा हार्नेस मात्र पूर्णपणे कामातून घडला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने आणि स्फोटांनी दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबुर्गला अशा कुत्र्यांची पहिली मोठी शाळा निघाली. १९२९ मध्ये अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली. या हार्नेसला दोरी नसते, ताठ मूठ असते. कुत्रा थबकला, वळला, पायरीपाशी थांबला, की त्या मुठीतून ते तळहाताला कळते. इतर सगळ्या पट्ट्यांत माणूस कुत्र्याला सूचना देतो. इथे कुत्रा माणसाला देतो.

विसाव्या शतकाने नायलॉन आणले आणि कातड्याची मक्तेदारी संपवली. १९६० च्या दशकात पिसवा-गोचिडांसाठी औषध भिनवलेले पट्टे आले, सत्तरच्या दशकात जर्मनीत पट्ट्याला जोडायची, आपोआप गुंडाळली जाणारी दोरी आली. त्याच शतकाने गळा आवळणाऱ्या साखळ्या, आत वळलेल्या बोथट काट्यांचे पट्टे आणि विजेचा झटका देणारे पट्टेही आणले. वॅरोचा खिळा बाहेर, लांडग्याच्या दिशेने होता. या नव्या पट्ट्यांचे काटे कुत्र्याच्याच मानेकडे वळले. वेल्सने २०१० मध्ये झटक्याच्या पट्ट्यांवर बंदी घातली, स्वित्झर्लंडसारख्या देशांनी काट्यांच्या पट्ट्यांनाही मनाई केली. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा अतोनात आखूड किंवा जड साखळीने जनावर बांधून ठेवणे हा गुन्हा मानतो. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हाही त्यात वेगळा गुन्हा आहे. घरच्या फाटकाला दिवसरात्र कुत्रा बांधून ठेवणाऱ्या पुष्कळांना हे कलम माहीतच नसते.

एवढा मागचा पसारा पाहिला, की आजची निवड सोपी होते. दणकट, सरळ चालणाऱ्या कुत्र्याला रुंद, चपटा पट्टा पुरतो. तो बांधल्यावर मान आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटे सहज जावीत आणि पट्टा ओढला तर कानांवरून निघू नये. मुधोळ किंवा कारवानी कुत्र्याचे तसे नाही. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या या जातीची मान लांब आणि डोके अरुंद असते, त्यामुळे साधा पट्टा सटकन निघतो. त्याला मध्ये रुंद आणि ओढले तर मर्यादेत आवळला जाणारा पट्टा लागतो. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पग भारतात घरोघर पोचवला. पगचे नाक आखूड, श्वास आधीच अवघड, डोळे बाहेर आलेले असतात. पट्टा ओढला जातो तेव्हा डोळ्यांतला दाब वाढतो आणि श्वासनलिका दबते. अशा कुत्र्याला हार्नेसच हवा आणि ओळखीचा बिल्ला त्यालाच लावावा. पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासावा लागतो, कारण मान वाढते, पट्टा वाढत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ओले कातडे कुजते, वास मारते आणि खाली कातडीला फोड येतात. तिथे चार महिने नायलॉन बरे. मण्यांचे, घुंगरांचे, टायचे साज फोटोपुरते घालून लगेच काढलेले चांगले, कारण घुंगराचा आवाज दिवसभर कानाशी घेऊन जगणे कुत्र्याला सुखाचे नसते.

रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी पट्टा काय करू शकतो हे इंडोनेशियातल्या बालीने दाखवले. २००८ मध्ये त्या बेटावर रेबीज पोचला आणि कुत्र्यांची सर्रास हत्या सुरू झाली. २०१० मध्ये प्राणिमित्र संस्था आणि सरकार मिळून घरोघर, गल्लोगल्ली लस देऊ लागले. लस झालेल्या कुत्र्याच्या गळ्यात लाल पट्टा बांधला जाई, म्हणजे तो मारायचा नाही हे दुरून कळे. काही महिन्यांत दोन लाखांहून अधिक कुत्र्यांना लस मिळाली.

मुंबईतही २०२३ च्या जुलैत विमानतळाबाहेर राहणाऱ्या वीसेक कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे बिल्ले बांधले गेले. फोनने कोड वाचला की कुत्र्याचे नाव, त्याला खाऊ घालणाऱ्याचा संपर्क, लसीकरणाची आणि नसबंदीची माहिती दिसते. १८३२ मध्ये ज्या शहरात गल्लीच्या कुत्र्याच्या गळ्यात काही नव्हते, तिथे आता मालक नसलेल्या कुत्र्याच्या गळ्यातही त्याचे स्वतःचे नाव आले आहे. रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागते. त्यामुळे ती नोंद खरी ठेवायची तर खाऊ घालणाऱ्याला वर्षातून एकदा तरी त्या कुत्र्याला धरून पशुवैद्याकडे न्यावे लागते आणि त्याच वेळी पट्टा सैल आहे की रुततो आहे हेही बोटाने पाहता येते.